सीलच्या कारखान्याने आर अँड डीवर किती खर्च करावा?

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. भोसरी एमआयडीसीत तुमचा रबर सील आणि ओ-रिंगचा कारखाना आहे, उलाढाल ४० कोटींच्या आसपास, आणि बराचसा माल दुचाकी कंपन्यांच्या टिअर-वन, म्हणजे कंपनीला थेट माल देणाऱ्या, पुरवठादारांकडे जातो. सल्लागारांनी सांगितलंय की उलाढालीच्या ३ टक्के आर अँड डीला काढा, लॅब उभारा, एक पीएचडी नेमा, मग नवी उत्पादनं येतीलच. काका म्हणतात, पैसे पाण्यात. तुम्हाला एक आकडा हवाय आणि काकांना पटेल असं एक कारण.

मी चिंचवडला रबर पार्ट बनवणाऱ्या कंपनीत बरीच वर्षं डेव्हलपमेंट सांभाळली, आता लहान कारखान्यांना याच कामात मदत करते. त्यामुळे माझं उत्तर रबरच्या बाजूने झुकलेलं असणार, सॉफ्टवेअर किंवा औषधवाल्यांनी ते तसंच्या तसं घेऊ नये. आकडा देते, पण जरा थांबून. कारण ३ टक्के काढले आणि ते चुकीच्या खिशात गेले, तर वर्षभराने काकाच बरोबर ठरतील.

पहिल्यांदा मागच्या वर्षीचं लेजर उघडा आणि 'डेव्हलपमेंट' या नावाखाली काय काय पडलंय ते बघा. मी पाहिलेल्या बहुतेक कारखान्यांत तिथे नव्या मोल्डचे पैसे, सॅम्पलचं कुरिअर, पीपॅपची (पार्टच्या मंजुरीची) कागदपत्रं आणि कस्टमर ऑडिटच्या दिवशीचं जेवण असतं. गिऱ्हाइकाने ड्रॉइंग दिलं, कंपाउंड (रबराचं मिश्रण) कुठलं तेही सांगितलं, आपण मोल्ड केला, माप जुळवलं, मंजुरी घेतली. काम चोख आहे, पोटही त्यावरच चालतं. पण ते संपल्यावर कारखान्याला असं काय कळलं जे आधी ठाऊक नव्हतं आणि जे दुसऱ्या पार्टला लावता येईल? उत्तर 'काही नाही' असेल तर तो खर्च विक्रीचा आहे. हिशेबात तो तिकडेच टाका, म्हणजे खरा आर अँड डी किती होतो ते दिसेल. बऱ्याच वेळा तो शून्य निघतो आणि मालकाला धक्का बसतो.

आता पैशातून नवं उत्पादन नेमकं येतं कसं. आमच्या धंद्यात पैसा मुख्यतः ट्रायलच्या फेऱ्या विकत घेतो. एका कंपाउंडमध्ये पॉलिमर, कार्बन ब्लॅक, प्लॅस्टिसायझर, अँटिऑक्सिडंट आणि क्युअरिंगची रसायनं असे दहा-बारा घटक असतात, आणि प्रत्येकाचं पीएचआर (शंभर भाग रबरामागचं प्रमाण) थोडं हललं की गुणधर्म हलतात. एक फेरी म्हणजे छोटी बॅच मिक्स करायची, रिओमीटरवर क्युअरचा (रबर पक्कं होण्याचा) कर्व्ह बघायचा, शीट दाबायची, ताणून बघायला डंबेलच्या आकाराचे तुकडे कापायचे, ओव्हनमध्ये एजिंग (तापवून जुनं करणं), इंधनात ७० तास बुडवणं, मग हार्डनेस, ताण आणि आकारमान पुन्हा मोजायचं. तुमच्याकडे लॅबची छोटी मिल (रबर मिसळायचं रोलरचं यंत्र) नसेल तर प्रॉडक्शनची मिल रविवारी मागावी लागते. बुडवायची सोय नसेल तर शीट ठाण्याला इर्मरा या रबर संशोधन संस्थेत पाठवायची आणि रिपोर्टची वाट बघायची. अशी फेरी महिना खाते. तीच सोय घरात असेल तर आठवड्यात होते. माणूस तोच, डोकं तेच, पण वर्षाच्या शेवटी एकाच्या वहीत बारा ओळी असतात आणि दुसऱ्याच्या वहीत पन्नास. पन्नास ओळीवाल्याला कधी ना कधी काहीतरी सापडतं. यात प्रतिभेचा भाग फार थोडा असतो.

खर्चाचा दुसरा परिणाम हिशेबात कधीच दिसत नाही, आणि माझ्या मते लहान कारखान्यासाठी तोच मोठा आहे. बाहेर तयार असलेलं ज्ञान उचलायची ताकद त्यातून येते. कोहेन आणि लेव्हिन्थल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ साली हे नीट मांडलं होतं. कंपनी संशोधन करते तेव्हा तिला नवं काही सापडतं ते एक, आणि इतरांनी शोधलेलं ओळखून, समजून घेऊन वापरायची तयारी होते ते दुसरं. तुमच्या धंद्यातलंच उदाहरण घेऊ. इथे जरा रेंगाळते, कारण सगळं उत्तर यातच आहे.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येणार हे कोणापासून लपलेलं नव्हतं. नीती आयोगाचा आराखडा जून २०२१ मध्ये जाहीर झाला, काही पंपांवर ई-२० फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळू लागलं. म्हणजे दीड वर्षाहून जास्त सूचना होती. इंधनाच्या बाजूला आपण सर्रास एनबीआर (नायट्राइल रबर) वापरतो. पेट्रोल अध्रुवीय, एनबीआर ध्रुवीय, म्हणून ते पेट्रोलला दाद देत नाही. इथेनॉल मात्र रबरासारखंच ध्रुवीय आहे, आणि सारख्या स्वभावाचे पदार्थ एकमेकांत शिरतात. सरळ विचार केला तर वाटतं, इथेनॉल जितकं जास्त तितकं रबर जास्त फुगेल, आणि २० टक्के म्हणजे थोडंच. प्रत्यक्षात गंमत अशी, की एनबीआर शुद्ध पेट्रोलमध्ये कमी फुगतं, शुद्ध इथेनॉलमध्येही कमी फुगतं, आणि मधल्या मिश्रणात, तेही इथेनॉलचं प्रमाण कमी असलेल्या बाजूला, सगळ्यात जास्त फुगतं. ई-२० नेमकं त्या पट्ट्यात येतं. दोन टोकांची चाचणी करून मधला अंदाज बांधणारा इथे हमखास फसतो.

यापुढे आणखी एक पायरी आहे. इंधन रबरात शिरतं तसं ते आतला प्लॅस्टिसायझर (रबर मऊ ठेवणारा घटक) बाहेर ओढून काढतं. गाडी रोज चालते तोवर सील फुगलेलं असतं, बसकण घट्ट राहते. मग गाडी महिनाभर पार्किंगमध्ये उभी राहते, इंधन उडून जातं, आणि प्लॅस्टिसायझर आधीच गेलेला असल्याने सील मूळ मापापेक्षाही आकसतं. पुढच्या वेळी गाडी सुरू केली की गळती. नुसता बुडवून फुगवटा मोजला तर हा दोष दिसत नाही. बुडवल्यावर सुकवून पुन्हा मोजलं तर दिसतो. उपाय काय, यावर वाद होऊ शकतो. ॲक्रिलोनायट्राइल (एनबीआरला ध्रुवीय करणारा घटक) जास्त असलेलं एनबीआर घेतलं तर फुगवटा कमी होतो, पण थंडीत लवचिकपणा जातो. एफकेएमवर (फ्लोरीनयुक्त रबरावर) गेलात तर बरीचशी चिंता मिटते, पण भाव कितीतरी पट वाढतो आणि परचेसवाला दारातूनच परत पाठवतो.

त्या काळात मी दोन पुरवठादारांना जवळून पाहिलं. एकाकडे कोणी मागणी केलेली नसताना दोन-तीन कंपाउंडच्या वेगवेगळ्या मिश्रणातल्या नोंदी होत्या, सुकवल्यानंतरच्या मापासकट. टिअर-वनने विचारल्यावर त्यांनी तक्ता पाठवला आणि सोबत सांगितलं, की सगळे पार्ट एफकेएममध्ये न्यायची गरज नाही, सतत इंधनात बुडालेले तेवढे न्या, बाकी सुधारलेल्या एनबीआरवर चालतील. दुसऱ्याने आपल्या कंपाउंडवाल्याला फोन करून विचारलं, "ई-२०ला चालेल ना?" तिकडून उत्तर आलं, "चालेल की साहेब." पहिल्याला भाव वाढवून मिळाला आणि ड्रॉइंगवर त्याच्या कंपाउंडचा कोड चढला. दुसऱ्याचा कारखाना अजूनही चालतो, पण दरवर्षी भाव दोन टक्के कमी करा असं ज्यांना सांगितलं जातं त्यांच्या रांगेत उभा आहे. पहिल्याने काही जगावेगळं शोधलं नव्हतं. हे रसायन जगाला कधीचं माहीत होतं. त्याच्याकडे ते वाचून कळणारा आणि स्वतःच्या रबरावर तपासून बघणारा माणूस होता, आणि त्या माणसाचा पगार हाच त्याचा आर अँड डी खर्च.

हेच मोठ्या पातळीवर आपल्या हडपसरला झालंय. आफ्रिकेतल्या मेंदूज्वरासाठी सीरम इन्स्टिट्यूटने मेनआफ्रिव्हॅक ही लस बनवली, डिसेंबर २०१०मध्ये बुर्किना फासोत ती मोहिमेत उतरली, किंमत डोसामागे अर्ध्या डॉलरच्या आत. लसीतले दोन घटक जोडण्याचं मूळ तंत्र अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या प्रयोगशाळेतलं. ते पुण्यात आणून मोठ्या प्रमाणावर चालवता आलं, कारण ज्यावर ती जोडणी करायची तो टिटॅनस टॉक्सॉइड (धनुर्वाताच्या लसीतला घटक) इथे वर्षानुवर्षं बनत होता आणि तो हाताळणारे लोक घरात होते. तंत्र फुकट मिळालं तरी झेलायला हात लागतात.

आता काकांची बाजू, कारण ती पोकळ नाही. जास्त खर्च म्हणजे जास्त नावीन्य, असं सरळ गणित कोणाच्याही हाती लागलेलं नाही. बूझ ही सल्लागार कंपनी २००५ पासून जगातल्या सर्वाधिक आर अँड डी खर्च करणाऱ्या हजार कंपन्यांचा अभ्यास करत असे. खर्च आणि आर्थिक कामगिरी यांच्यात ठोस संबंध त्यांना वारंवार शोधूनही सापडला नाही. २०१० साली नोकियाचा खर्च, नेटवर्कचा धंदा धरून, सुमारे ५.९ अब्ज युरो होता. ॲपलचा त्या आर्थिक वर्षातला सुमारे १.८ अब्ज डॉलर. पुढे काय झालं ते सगळ्यांच्या खिशात आहे. कोडॅकमध्ये तर १९७५ सालीच डिजिटल कॅमेरा तयार झाला होता आणि २०१२च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तिथे शोध लागला होता, पण फिल्मच्या नफ्याला धक्का लावायची कोणाची तयारी नव्हती.

मात्र या उदाहरणांचा अर्थ ताणू नका. तो अभ्यास आधीच भरपूर खर्च करणाऱ्यांचा आहे. पाच टक्क्यांचे सात केल्याने फरक पडेलच असं नाही, एवढं त्यातून निघतं. शून्याचा एक केल्याने काय होतं, याबद्दल तो गप्प आहे, आणि तुम्ही शून्याजवळ आहात. आपला देशच तिथे आहे म्हणा. २०२०-२१च्या सरकारी आकड्यांनुसार भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के, आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम ३६ टक्के. दक्षिण कोरिया ५ टक्क्यांच्या आसपास आहे आणि तिथे मोठा भार कंपन्याच उचलतात.

रकमेपेक्षा माझा भर सातत्यावर आहे. पुढे टाटा मोटर्स झालेल्या टेल्कोने पुण्यात इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर १९६६ साली सुरू केलं, तेव्हा मर्सिडीज-बेंझशी करार अजून चालू होता. तो १९६९ साली संपला. इंडिका आली १९९८मध्ये. मधली सगळी वर्षं त्या सेंटरमधल्या लोकांनी ट्रक, चाचण्या, छोटे-मोठे बदल यांत घालवली, आणि अख्खी गाडी स्वतः करायची वेळ आली तेव्हा ते लोक होते. लहान कारखान्यात याच्या उलट घडतं. चांगल्या वर्षी उत्साहाने लॅब उभी राहते, २०१९सारखी मंदी आली की पहिली कात्री तिथे. केमिस्ट नोकरी सोडून रांजणगावला जातो, त्याच्यासोबत कुठलं कंपाउंड का नापास झालं होतं तेही जातं. दोन वर्षांनी नवा माणूस तीच ट्रायल पुन्हा नापास करतो. असा खर्च पाण्यातच गेला, यात मी काकांच्या पक्षात.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. ड्रॉइंगवर गिऱ्हाइकाने कंपाउंडचं नाव ठोकून दिलं असेल तर तुमच्या सुधारणेला वाव नाही. नुसते गुणधर्म लिहिले असतील तर भरपूर वाव आहे. आफ्टरमार्केटचा माल असेल तर फायदा लवकर मिळतो, कारण मंजुरीची वाट बघावी लागत नाही. ओईएमच्या (गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या) साखळीत चांगलं कंपाउंड तयार झाल्यावरही वर्ष-दीड वर्ष व्हॅलिडेशनमध्ये जातं, तेवढा दम लागतो. नक्कल होण्याची भीतीही खरी आहे. यंत्राच्या रचनेचं पेटंट घेता येतं आणि राखता येतं. कंपाउंडचं पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते आणि शेजारचा ती गुपचूप वापरतोय हे सिद्ध करणं कठीण. म्हणून बहुतेक रबरवाले कृती तिजोरीत ठेवतात आणि ती दोन माणसांपलीकडे जाऊ देत नाहीत. मीही तेच सांगेन.

आता आकडा. तुमच्या जागी मी ३ टक्के, म्हणजे १ कोटी २० लाख, पहिल्याच वर्षी काढणार नाही. एवढे पैसे पचवायला माणसं नाहीत, ते यंत्रात जातील आणि यंत्रावर प्लॅस्टिकचं कव्हर चढेल. सव्वा टक्का, साधारण ५० लाख धरा आणि तेवढेच तीन वर्षं बाजूला काढून ठेवा, मंदी आली तरी हात न लावण्याच्या बोलीवर. यातला मोठा वाटा माणसांवर जाऊ दे. एक रबर टेक्नॉलॉजीचा अनुभवी माणूस, ज्याला मिलवर स्वतः उभं राहायला आवडतं, आणि त्याच्या हाताखाली एक डिप्लोमावाली मुलगी किंवा मुलगा. पीएचडी नको असं नाही, पण पहिला माणूस म्हणून नको. त्याला विचारायला प्रश्न आणि बघायला डेटा लागतो, तो तुमच्याकडे अजून जमलेला नाही. रिओमीटर आणि हार्डनेस मीटर तुमच्याकडे असणारच. त्यात लॅबची मिल, एजिंग ओव्हन आणि इंधनात बुडवण्याची सुरक्षित सोय जोडा. इंधनाचं काम आहे, फ्यूम आणि आगीची व्यवस्था आधी, बाकी नंतर. रोज न लागणाऱ्या चाचण्या बाहेर करा. इर्मरा आहे, चिंचवडचं ऑटो क्लस्टर आहे, पॉलिमरचा खोल प्रश्न अडला तर पाषाणला एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे.

विषय तीनच घ्या, आणि तिन्ही तुमच्या रिजेक्शनच्या आणि तक्रारींच्या रजिस्टरमधून काढा. एक लवकर सुटणारा, उदाहरणार्थ क्युअरिंगचा वेळ कमी करणं. एक वर्षभराचा. एक असा की होईल न होईल. प्रत्येकाला सुरुवातीलाच लिहून ठेवा, काय दिसलं तर थांबायचं. नापास ट्रायलची नोंद पास ट्रायलइतकीच नीट व्हायला हवी, बॅच नंबर आणि कार्बन ब्लॅकच्या लॉटसकट. यशाचं माप म्हणून मी दोन गोष्टी बघते. एका फेरीला किती दिवस लागतात, आणि विक्रीत गेल्या चार वर्षांत आलेल्या कंपाउंडचा वाटा किती. दुसऱ्यासारखंच माप थ्रीएम कंपनी कितीतरी वर्षं वापरत आली आहे. पहिल्या वर्षी हे दुसरं माप हलणार नाही, फेरीचे दिवस मात्र हलले पाहिजेत. सहा महिन्यांत तेही हलले नाहीत तर काहीतरी बिघडलंय असं समजा.

सीएंनी करसवलतीचं सांगितलं असेल तर जुन्या आठवणींवर जाऊ नका. दिल्लीच्या डीएसआयआर या केंद्राच्या संशोधन विभागाची मान्यता असलेल्या इन-हाउस आर अँड डीला १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम ३५(२एबी)खाली पूर्वी खर्चाच्या २०० टक्के वजावट मिळायची. ती आधी १५० आणि १ एप्रिल २०२० पासून १०० टक्क्यांवर आली. २२ टक्क्यांच्या सवलतीच्या करदराचा पर्याय घेतलेल्या कंपन्यांना तर या कलमाचा लाभच नाही. कर वाचवायला आर अँड डी, हा मुद्दा आता जवळजवळ संपलाय.

काकांशी बोलताना नावीन्य हा शब्दच काढू नका. त्यांच्यापुढे गेल्या वर्षीच्या रिजेक्शनची आणि कस्टमरने डेबिट केलेल्या रकमेची बेरीज ठेवा आणि म्हणा, यातला तिसरा हिस्सा दोन वर्षांत कमी करून दाखवतो. हेही आधीच सांगा, की हिशेबाच्या नियमांप्रमाणे संशोधनाचा खर्च त्याच वर्षी नफ्यातून वजा होतो, त्यातून आलेली समज ताळेबंदात कुठेच दिसत नाही. म्हणजे पहिली दोन वर्षं कागदावर ते बरोबर आणि तुम्ही चूक दिसाल. हे आधी बोलून ठेवलं तर मार्चमध्ये भांडण होत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: मिक्सिंग तुमचं स्वतःचं आहे की तयार कंपाउंड बाहेरून येतं? बाहेरून येत असेल तर वरचं बजेट बदलावं लागेल. कृती मिक्सिंगवाल्याच्या ताब्यात, तुम्ही फक्त दाबून देता, आणि तुम्ही सुचवलेली सुधारणा तो उद्या शेजाऱ्यालाही विकू शकतो. अशा वेळी पहिल्या वर्षाचे पैसे लॅबऐवजी एका छोट्या नीडरवर (रबर मिसळायच्या यंत्रावर) आणि तो चालवणाऱ्या माणसावर घालायला मी सांगेन, निदान तुमच्या सगळ्यात जास्त खपाच्या दोन कंपाउंडपुरते. ते कळवा, आणि ड्रॉइंगवर कंपाउंडचं नाव असतं की नुसते गुणधर्म तेही, म्हणजे आकडा आणखी नेमका सांगता येईल.